पीठ आणायला कोण जाणार?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत घरापुढचा लाकडी व्हरांडा गल्लीला इतका खेटून असतो, की जाणाऱ्याला बसलेल्याकडे न बघता पुढे सरकणं जमत नाही. ‘काय, आज उशीर?’ एवढं तरी होतंच. आता भर दुपारी चालून बघा. व्हरांडा रिकामा, आणि आत हेडफोन चढवलेला एखादा तरुण बंगळूरच्या कुणाला तरी विचारतोय, ‘माझा आवाज येतोय का?’ आईला तो स्वच्छ ऐकू येत असतो. पण तिने उत्तर द्यायचं नसतं.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, ऑफिस घरी आलं आणि अनेकांच्या घरून ते परत गेलंच नाही. (ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगावात पोचली, तरीही!) सुरुवातीला बरं वाटलं. चर्नी रोडची रेटारेटी वाचली, जेवण गरम मिळालं. मग कळलं की दोन खोल्यांत माणसं इतकी की एकांत नाही, आणि सोबतही नाही. साहेबाने झापल्यावर त्याची नक्कल करून दाखवायला शेजारच्या टेबलावरचाच माणूस लागतो. घरचे काळजी करतात, ते वेगळं.

दोष घराचा नाही. घरी बसून काम गिरगावाला नवं नाहीच. १५ मार्च १९५९ रोजी इथल्याच एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच लिज्जत. पुढे हजारो सभासद बहिणी आपापल्या घरी लाटू लागल्या. पीठ मात्र घरपोच येत नाही. सकाळी केंद्रावर जायचं, कालचे पापड वजन करून द्यायचे, मजुरी घ्यायची, भिजवलेलं पीठ घ्यायचं. तेवढ्या वेळात सून, गुडघे, शाळेची फी, सगळं बोलून होतं. कुणी कनवाळूपणे केलेली ही सोय नव्हे. चव सगळीकडे सारखी राहावी म्हणून पीठ एका जागी मळायचं, इतकाच व्यवहार. पण त्यापायी रोज उंबरा ओलांडावा लागतो.

लॅपटॉपला असलं पीठ लागत नाही, आणि कंपन्यांचं तेच फावलं. जागेचं भाडं वाचलं, वीज वाचली, चहा वाचला. बदल्यात काय, तर शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर सक्तीची गंमतजंमत. कॅमेरा चालू ठेवून हसायचं. त्यापेक्षा वाचलेल्या भाड्यातून गिरगावात, दादरला, डोंबिवलीत एकेक खोली घ्या. चहा ठेवा. आणि आठवड्यातून दोनदा तरी असं काही काम तिथे ठेवा, की ते घ्यायला माणसाला यावंच लागेल.

तोवर दुपारी वाडीत नावाने हाक मारणारा एकच उरलाय, पार्सलवाला पोरगा. तोही ओटीपी घेतला की निघतो.