कूस बदलायचं टाइमटेबल

ऑफिसच्या खुर्चीत तासाभरात आपण किती वेळा हलतो, कधी मोजलंय? पायावर पाय, मग दुसरा पाय, मग जरा पुढे सरकून, मग उगाचच कॉफी मशिनपर्यंत एक चक्कर. बॉसला वाटतं, चुळबुळ चाललीय. खरं तर कातडीचा मेंदूला निरोप गेलेला असतो, ‘इथलं रक्त अडलंय, सरक बाबा!’ आणि आपण सरकतो. अगदी झोपेतसुद्धा.

ज्याला हा निरोप पोचतच नाही, किंवा पोचूनही हलता येत नाही, त्याचं काय? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, रक्त पोचत नाही आणि काही तासांत आतला भाग मरायला लागतो. हाच तो बेडसोअर. नाव साधं, पण प्रकरण थेट हाडापर्यंत जाऊ शकतं. ‘सुपरमॅन’ क्रिस्टोफर रीव्ह २००४ मध्ये गेला, तेव्हा त्याच्यावर अशाच चिघळलेल्या जखमेचे उपचार चालू होते.

मला हे ज्ञान मिळालं ते आजीमुळे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती बारा दिवस हॉस्पिटलात होती आणि रात्रपाळी आम्हा नातवंडांकडे. ताईने सवयीने एक्सेल शीट केलं. कोण कधी, डबा कुणाचा वगैरे. सिस्टरनी ते बघितलं आणि एक कॉलम वाढवायला लावला : कूस. दर दोन तासांनी. कुठल्या बाजूला चालेल, ते डॉक्टरांना विचारून.

दोन तासांचा हा फंडा जुनाच आहे. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायला लावलं. तोवर असे पेशंट वाचतील, ही आशाच फारशी कुणी धरत नसे. (पॅरालिम्पिक्सचं मूळही याच हॉस्पिटलात. म्हणजे १९७२ मध्ये आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, त्याची नाळही थेट इथे जुळते!)

पण नुसतं वळवून भागत नाही. पेशंटला ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचं, कारण ओढताना कातडी आतून फाटते. पाठीमागे उशी लावून थोडंसंच कलतं ठेवायचं, पूर्ण कुशीवर नको, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर. ओली चादर लगेच बदलायची. आणि टाचा! माकडहाडाकडे सगळे बघतात, टाचांकडे कुणीच नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून त्या अधांतरी ठेवायच्या.

चौथ्या रात्री आजीची टाच मला वेगळीच वाटली. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून सिस्टरनी हात लावून बघायला शिकवलं होतं. दुसऱ्या टाचेपेक्षा ती गरम लागत होती, जराशी कडकही. मी तेल चोळायला निघालेल्या काकूंना थांबवलं. अशा जागी मालिश केलं की आतली इजा वाढते. सिस्टरना बोलावलं, उशी नीट लावून घेतली. दोन दिवसांत टाच पूर्ववत.

एअरबेड आणला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. मला तो प्रकार जरा एसी लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखा वाटतो. एअरबेड दाब कमी करतो, पण कूस बदलायची ती बदलायचीच. आजी मात्र वैतागायची. ‘काय रे, पुन्हा? आत्ताच तर डोळा लागला होता!’

नवव्या दिवशी तिला खुर्चीत बसवलं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण बसल्यावर तर सगळं वजन बैठकीवरच येतं. सिस्टर म्हणाल्या, एका वेळी फक्त एक तास.

‘एकच?’ आजी म्हणाली. ‘अहो, आज महाएपिसोड आहे!’