सिस्टर, तुमचा नोंदणी क्रमांक?

अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड की घाटकोपर, स्टेशनपासून थोडे चालले की एखादे छोटे नर्सिंग होम दिसतेच. आत पांढऱ्या कपड्यातली मुलगी सलाईन लावत असते. आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो. तिचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे का, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवे. नोंदणी असलेल्या परिचारिकेने गैरवर्तन केले तर परिषद चौकशी करू शकते, वहीतून तिचे नावही काढू शकते. १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने तो अधिकार दिला आहे. पण जिचे नाव वहीत नाहीच, ते काढणार कसे? म्हणजे रीतसर शिकलेली परिचारिका जबाबदार, आणि ब्युरोने आजोबांना इन्शुलिन टोचायला घरी पाठवलेली बाई, काम बघून बघून शिकलेली, तिला जाब विचारणारी परिषदच नाही. त्या बाईवर माझा राग नाही. स्वस्त म्हणून तिला ‘नर्स’ करणाऱ्यांवर आहे.

खरे तर १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातच पात्र परिचारिकांच्या प्रमाणाची अट आहे. मुंबईत हा परवाना महापालिका देते. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक पाळीतल्या परिचारिकांचे नोंदणी क्रमांक मागून परिषदेच्या वहीशी ताडले, तर अर्धे काम तिथेच होईल.

दुसरी अडचण मोठ्या रुग्णालयांची. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी वॉर्डात रात्रपाळी पाहिलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. खाटा भरल्या, जमिनीवर गाद्या पडल्या, तरी सिस्टर तेवढ्याच. औषध चुकले की चौकशी तिची. पदे रिकामी ठेवणाऱ्याची नाही. परिषदेने आचारसंहिता शिकवावी, जरूर. पण ‘हा वॉर्ड एवढ्या मनुष्यबळात सुरक्षित नाही’ असे मालकाला, सरकारलाही, लेखी सुनवावे. व्यवसायाचे स्वनियमन म्हणतात ते यालाही.

आता हे सुनावणार कोण? १९६६च्या कायद्यात परिचारिकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना जागा आहे. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात मात्र राज्य आयोगावर दहा सदस्य, आणि नेमणारे सरकारच. निवडणुकांत गटबाजी होते, हे आम्हा डॉक्टरांना कुणी सांगायला नको. ब्रिटनमध्येही सदस्य नेमलेलेच असतात. पण तिथल्या परिषदेत बारापैकी सहा जण व्यवसायाबाहेरचे सामान्य नागरिक असतात. आपल्याकडे तसे करावे, माझी हरकत नाही. मात्र सर्वांत जास्त परिचारिकांना ज्याने नोकरी दिली, त्यानेच त्यांचे न्यायाधीशही नेमावेत, हे पटत नाही.

तोवर वाचकांनी एक करावे. घरी किंवा नर्सिंग होममध्ये सुई टोचायला येणाऱ्या व्यक्तीला नोंदणी क्रमांक विचारावा. शिकलेल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.