वाहतुकीचा दंड आणि ‘गुन्हेगार’ हा शिक्का

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील कितीतरी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत शिकत आहेत. २०२५ च्या मार्चअखेरीस व एप्रिलमध्ये तेथे जे घडले, त्याचा या पालकांनी शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते. अमेरिकन सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेविस’ या संगणकीय नोंदी अकस्मात रद्द केल्या. स्थलांतरविषयक वकिलांच्या तेथील संघटनेने त्या वेळी गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांपैकी निम्मी भारतीय विद्यार्थ्यांची होती.

हे कसे घडले, ते सरकारी अधिकाऱ्यांनीच पुढे न्यायालयात सांगितले. सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावे एफबीआयच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहण्यात आली व सुमारे ६,४०० नावे जुळली. परंतु या साठ्यात अटकेची नोंद असते. पुढे खटला मागे घेतला गेला की आरोप फेटाळला गेला, हे तीत दरवेळी उमटतेच असे नाही. मासेमारीच्या मर्यादेचे उल्लंघन केल्याचा, नंतर निकाली निघालेला आरोप व वेगमर्यादेचे दंड, एवढ्यावरून एका संशोधक विद्यार्थ्याची नोंद रद्द झाली. (तो आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर सहलीला गेला होता!)

आपल्याकडे हेल्मेट नसल्यास चलन येते, दंड भरला की विषय मिटतो. बोटांचे ठसे कोणी घेत नाही. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत वैध परवान्याविना गाडी चालविणे हा कनिष्ठ दर्जाचा का होईना, पण फौजदारी गुन्हा आहे. पोलीस अटक करू शकतात, ठसे घेतात, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या एका योजनेमुळे ते ठसे स्थलांतर विभागापर्यंत पोहोचू लागले. परिणाम काय झाला? वाहतुकीचा गुन्हा हाच सर्वांत गंभीर दोष असलेल्यांच्या हद्दपारीची प्रकरणे बुश यांच्या अखेरच्या पाच वर्षांत ४३,००० होती. ओबामा यांच्या पहिल्या पाच वर्षांत ती १,९३,००० झाली, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये सरकारी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. म्हणजे हा दोष एकाच पक्षाचा नव्हे. ‘गुन्हेगार परदेशी’ या आकड्यात खुनी आणि परवाना घरी विसरलेला विद्यार्थी एकाच रकान्यात बसू लागले, की तो आकडा समाजाविषयी खरे काही सांगत नाही. केवळ भीती वाढवितो.

अनेक न्यायालयांनी मनाई हुकूम दिल्यानंतर २५ एप्रिल २०२५ रोजी सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. रद्द झालेले व्हिसा मात्र त्यामुळे आपोआप परत मिळाले नाहीत.

मुलांना फोनवर अभ्यासाविषयी विचारताना परवान्याची मुदतही विचारावी. दंडाची पावती व न्यायालयाने प्रकरण निकाली काढल्याचा साक्षांकित कागद जपून ठेवण्यास सांगावे. व्हिसाच्या अर्जात पूर्वी कधी अटक झाली आहे काय, असा थेट प्रश्न असतो. आरोप पुढे फेटाळला गेला असला तरी तेथे ‘नाही’ लिहू नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.