आले नाहीत म्हणजे नाहीतच?

‘परग्रहवासी असते तर एव्हाना आले असते’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा युक्तिवाद घाईचा वाटला. १९७७ साली सुटलेले व्हॉयेजर-१ अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावते आहे. त्या वेगाने सूर्याशेजारचा तारा गाठायलाही ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. बरे, आपली हाक तरी कुठवर गेली? १९७४मध्ये अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एम-१३ तारकागुच्छाकडे धाडलेला संदेश पोचायलाच सुमारे २५ हजार वर्षे. उत्तराची वाट कोणी बघायची? आपली रेडिओ प्रक्षेपणे जेमतेम १०० प्रकाशवर्षे पसरलीत, आकाशगंगेचा व्यास लाखभर. ‘मग सगळे आहेत कुठे?’ हा भौतिकशास्त्रज्ञ फर्मींचा प्रश्न याने मिटत नाही, हे मान्य. पण ‘कोणीच नाही’ असा निकाल देण्याइतका पुरावा आज कोणाकडेही नाही.

– एक वाचक, पुणे