सुट्टीतला खरा अभ्यास : लाकडं भरणं



मे महिना सरत आला की आपल्या मालवणकडच्या वाड्यांमध्ये एकच घाई असते. मृगाचा पाऊस दारात यायच्या आत लाकडं भरून व्हायला हवीत. घरोघरी गॅस आला, हे खरं. पण न्हाणीतलं पाणी तापवायला, भात उकडायला, गणपतीत सगळं घर जमलं की मोठी टोपं चढवायला चूल अजून लागतेच. मग माडाची चुडतं, सोडणं, करवंट्या, काजूच्या वाळक्या फांद्या, सगळं गोळा होतं. आणि अशा वेळी मुलांना आपण काय सांगतो? "तू अभ्यास कर, ह्यात पडू नको."

माझं मत उलट आहे. मुलांनी ह्यात पडायलाच हवं.

हे मला एका विद्यार्थ्यानं शिकवलं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. आंबे, फणस, माड पडले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. जूनमध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली, तेव्हा माझ्या वर्गातला सहावीचा एक मुलगा आठवडाभर दिसलाच नाही. मी 'गैरहजर' लिहीत राहिले आणि शेवटी त्याच्या आईला चार शब्द सुनवायचे म्हणून घरी गेले.

बाहेर पाऊस आणि पडवीत सगळं घर कामाला लागलेलं. वादळात पडलेला आंबा वडील कुऱ्हाडीनं फोडत होते. गाठीचा ओंडका फुटेना, तिथे आजोबा पाचर ठोकत होते. आई आणि बहीण खळ्यातून भारे आणत होत्या. हा पठ्ठ्या रचत होता. मी म्हटलं, "अरे, एवढी ओली लाकडं पेटणार कशी?"

"ही ह्या वर्षाची नाय बाई, फुडल्या वर्षाची," तो म्हणाला. "आणि गच्च रचूची नाय. मदी वारो खेळाक होयो."

ते चार शब्द मी न बोलताच परत आले. सहावीच्या विज्ञानात 'साधी यंत्रे' हा धडा आहे. त्यातली पाचर मी मोबाईलवर चित्र दाखवून शिकवणार होते. त्याच्या समोर ती खरीखुरी ठोकली जात होती!

विचार करा, ह्या एका कामात किती शिकणं आहे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, म्हणून ते धुमसतं आणि धूर करतं. फोडलं की आतला भाग उघडा पडतो, म्हणून लवकर वाळतं. खाली दगड किंवा फळ्या घातल्या तर जमिनीची ओल चढत नाही, वाळवीही सहज लागत नाही. पहिला थर उभा, दुसरा आडवा, म्हणजे हवा खेळते आणि रास ढासळत नाही. शिवाय पुढच्या वर्षीची सोय आज करायची, ही सवय तर कुठल्याच गाईडमध्ये मिळत नाही. गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला मांडलेली नई तालीम हेच सांगत होती, की हातानं केलेल्या कामातून शिकवा.

काही पालक म्हणतील, "बाई, ही बालमजुरी झाली." तसं नाही. शाळा बुडवून किंवा पैशासाठी राबवणं वेगळं आणि सुट्टीत आईबाबांच्या बरोबरीनं दोन तास काम करणं वेगळं. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदाही शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना केलेली बिनधोक्याची मदत चालवून घेतो. बिनधोक्याची, हे मात्र विसरू नका. कुऱ्हाड आणि कोयता मोठ्यांच्याच हाती. फोडणाऱ्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. आणि आपल्याकडे फुरसं आहे, म्हणून जुन्या राशीत हात घालण्याआधी मोठ्यांनी काठीनं लाकडं हलवून बघायची.

एक गोष्ट मला त्या घरीही खटकली होती. रचायचं काम मुलाकडे आणि डोक्यावरून भारे आणायचं आई आणि मुलीकडे. बहुतेक घरांत असंच असतं. पुढे चुलीचा धूरही बाईच्याच डोळ्यांत जातो. म्हणून कामं पाळीपाळीनं बदला. एक दिवस मुलगी रचेल, मुलगा भारे आणेल आणि बाबा चूल पेटवतील. ओली लाकडं पेटवताना डोळे चुरचुरले की सुकी का हवीत, हे सगळ्या घराला कळेल. रोजच्या स्वयंपाकाला गॅस आहे, तो सोडून चुलीकडे परत जा, असं मी मुळीच म्हणत नाही.

शिक्षकांना एक विनंती. सुट्टीत चार्टपेपरचा प्रकल्प देण्याऐवजी मुलांना घरच्या राशीबद्दल दहा ओळी लिहायला सांगा. कुठलं झाड, कोणी फोडलं, कोणी उचललं, कसं रचलं? मालवणीत लिहिलं तरी चालेल. झाड पडलेलं होतं की तोडलेलं, हेही विचारा. खाडीकाठच्या कांदळवनाला हात लावायचा नाही, हे तिथेच सांगता येईल.

आणि मुलं कामामुळे आली नाहीत, तर 'गैरहजर' लिहिण्याआधी एकदा त्यांच्या पडवीत डोकावून या. मी उशिरा गेले, तुम्ही लवकर जा.