वजनकाटा आणि परिचारिकेची नोंद

वजन उतरविणारे औषध लागू पडले की नाही, याचा निवाडा एकट्या वजनकाट्यावर सोपविणे युक्त नव्हे. आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सेमाग्लुटाइडच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. परंतु अशा घटीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा तो भेद सांगत नाही. म्हणून परिचारिकेने कमरेचा घेर मोजावा, रक्तदाब पाहावा, मळमळीमुळे अन्नच तुटले काय हे विचारावे (उपासमारीनेही वजन उतरतेच!) आणि वृद्ध रुग्णास हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठावयास सांगावे. गेल्या महिन्यात सहज उठणारा रुग्ण आज हात टेकू लागला असेल, तर घटलेल्या किलोंचे कौतुक बाजूस ठेवून ती नोंद त्याच दिवशी डॉक्टरांच्या नजरेस आणली पाहिजे.