मुलगा सुट्टीवर येईपर्यंत थांबायचे कशाला?



मागच्या चातुर्मासातली गोष्ट. दुकानात नवीन कॉम्प्युटर आला आणि जुना यांनी घरी आणून ठेवला. म्हणाले, "तुझ्या पाठशाळेच्या मुलांची प्रश्नपत्रिका काढायला होईल. आईलाही प्रवचन मोठ्या पडद्यावर दिसेल." सासूबाईंच्या गुडघ्यांना आता मंदिराच्या पायऱ्या झेपत नाहीत, त्यामुळे त्यांचा चेहरा लगेच खुलला.

पण अडचण निघाली. दुकानात त्या कॉम्प्युटरला वायरने नेट होते. घरात राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर माजघरात. मोबाईल वाय-फाय पकडतो, लॅपटॉप पकडतो, हा मात्र ठोंब्यासारखा बसलेला. जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फायचे कार्डच नसते, हे तेव्हा कळले. मुलगा पुण्याहून म्हणाला, "मम्मी, दिवाळीत आलो की बघतो." इथल्या एका दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "ताई, हे तुमच्याने नाही व्हायचं. नवीनच घेऊन टाका."

पर्युषण तोंडावर आले होते. दिवाळीपर्यंत थांबून काय करू?

म्हणून मीच कार्ड आणले. दोन प्रकार मिळतात. एक कॅबिनेट उघडून आत बसवायचे, दुसरे पेन ड्राइव्हसारखे बाहेरून लावायचे. मी दुसरे घेतले, काही शे रुपयांत आले. लावले आणि... काहीच झाले नाही! क्षणभर वाटले, दुकानदार बरोबर बोलत होता.

खरे कारण अगदी साधे होते. नवे कार्ड कसे वापरायचे हे कॉम्प्युटरला सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नेटवरून आपोआप उतरतो, पण नेट यायला आधी ड्रायव्हर हवा! डब्यात सीडी होती, पण ती घालायची जागाच बंद पडलेली. शेवटी मोबाईल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. (केबल नुसती चार्जिंगची नको, फोटो उतरवता येतात तशी हवी.) मोबाईलचे नेट कॉम्प्युटरला मिळाले आणि ड्रायव्हर उतरला. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डाच्या नावापुढचे पिवळे चिन्ह गेले. खाली कोपऱ्यात आपल्या वाय-फायचे नाव दिसले, पासवर्ड टाकला, झाले.

तरी प्रवचन अडकत होतेच. कार्ड मागच्या बाजूला, लोखंडी कॅबिनेट आणि भिंत यांच्या सांदीत बसले होते. यूएसबीची हातभर एक्स्टेंशन वायर लावून ते टेबलावर आणले आणि आवाज, चित्र सुरळीत झाले. सगळे मिळून दोन सामायिकांपेक्षाही कमी वेळ लागला, म्हणजे ९६ मिनिटेसुद्धा नाहीत.

पुढच्याच महिन्यात धुळ्याहून नणंदबाईंचा फोन. त्यांचेही असेच कार्ड, पण घरातले वाय-फाय त्यात दिसतच नव्हते, शेजाऱ्यांचे मात्र दिसत होते. मी विचारले, "तुमच्या वाय-फायच्या नावात शेवटी '५ जी' आहे का?" होते. स्वस्तातली बरीच कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. राउटरमध्ये २.४ चालू करून घेतले आणि काम झाले. आपल्याकडच्या जुन्या जाड भिंतींतून २.४ च्या लहरी जास्त चांगल्या जातात, वेग थोडा कमी मिळतो एवढेच. नणंदबाई हसून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तर इंजिनीअर झाल्या!"

इंजिनीअर कसली! मैत्रिणींनो, मिक्सरचे भांडे, कुकरची शिटी, गॅसचा रेग्युलेटर आपण रोज हाताळतो. रेग्युलेटर चुकीचा बसला तर धोका असतो, तरी भीत नाही. कार्ड चुकीचे लावले तर फार तर नेट येणार नाही. मग तिथेच "हे आपले काम नाही" असे का वाटते? कारण कोणी तरी तसे म्हणून ठेवले आहे आणि आपण ते मान्य करून टाकले आहे.

दुसरी गोष्ट आपल्या अपरिग्रहाची. आपण परिमाण घेतो ते साड्यांचे, दागिन्यांचे. घरातल्या यंत्रांचे कधी घेतले? एका कार्डाने जे काम भागते त्यासाठी अख्खा कॉम्प्युटर भंगारात घालायचा, हेही परिग्रहाचेच रूप आहे, असे मला वाटते. त्यातले शिसे आणि इतर विषारी द्रव्ये शेवटी माती-पाण्यातच जातात, आणि तिथे जीव असतात.

एक सावधगिरी मात्र ठेवा. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा मोफत सुरक्षा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आहे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. प्रवचन, पाठशाळा, छपाई एवढ्यापुरता तो ठेवा.

"नेट आले की स्वाध्याय बुडतो," असे काही जणी म्हणतील. बुडू शकतो, खरे आहे. पण नेट कधी बंद करायचे हे ठरवायलाही ते आपल्या हातात असावे लागते.

मुलगा दिवाळीत आला, तेव्हा आजी प्रवचन ऐकत बसली होती. "कोणी लावून दिलं?" त्याने विचारले. सासूबाईंनी पडद्यावरची नजर न काढता माझ्याकडे बोट केले.